दाजी गाडी बंद करत नाहीत

जगातली कुठलीही वस्तू चालू असतानाच दुरुस्त करायची असते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणत आलो. सोलापुरातल्या एका कापडगिरणीत ते आयुष्यभर जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. कुठल्या मागाचा धोटा अडकतोय, कुठल्याचा पट्टा सैल पडलाय, हे त्याने नुसत्या आवाजावरून ओळखायचं आणि माग शक्यतो न थांबवता नीट करायचा. कारण माग थांबला की त्यावर विणणाऱ्याची मजुरी थांबते. हा नियम खरं तर गिरणीच्या भिंतींपुरता होता. दाजींनी तो भोंगा झाल्यावर डब्याबरोबर घरी आणला.

शर्टाचं बटण ते अंगातला शर्ट न काढता शिवायचे, त्यामुळे छातीला सुई टोचलेली आणि तोंडात दोरा, अशा अवस्थेत त्यांनी दार उघडलेलं मी निदान चारदा पाहिलंय. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे ते लंबक हलत असतानाच सरळ करत. पेटता स्टो, फिरता पंखा, उतारावरची सायकल, कशालाही त्यांनी कधी आधी थांबवलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवाचा एक बांबू हलतोय असं त्यांच्या ध्यानात आलं. दुसरा कुणी असता तर अक्षता पडेपर्यंत थांबला असता. दाजी दोरी घेऊन वर चढले. आमच्या लग्नाच्या फोटोत मी आहे, बायको आहे, भटजी आहेत, आणि वरच्या कोपऱ्यातून खाली लोंबणारी दोन पावलं आहेत. ती दाजींची. बसणं हा प्रकार तर त्यांना ठाऊकच नव्हता. ‘बसा की दाजी’ म्हटलं, की ‘बसलोच की’ असं म्हणून ते उभे राहायचे आणि बोलता बोलता आमच्या दाराची कडी हलवून बघायचे. ते गेल्यावर कडी चांगली लागायची हे खरं, पण घरात कुणीतरी येऊन गेल्याऐवजी वारा येऊन गेल्यासारखं वाटायचं.

अशा माणसाच्या घरात आमची आक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, इतकी वर्षं कशी नांदली ते तीच जाणे. ती शांत बाई. मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवर, शाळूच्या रानात वाढलेली. शहरात येऊन तिचे केस पिकले, पण पौष लागला की तिचं चित्त माहेरी. दाणा दुधात आला असेल का, पाखरं किती पडली असतील, याचीच चौकशी. दरवर्षी हुरड्याला ती आठ दिवस भावाकडे जायचीच. मग एका वर्षी तिची डावी बाजू अर्धांगाने गेली. हात कामातून गेला, पाय ओढत चालू लागला आणि बोलणं जड झालं. शब्द तोंडातून वेडेवाकडे पडायचे, त्याची तिला इतकी लाज वाटायची की तिने परक्यांसमोर बोलणंच टाकलं. त्या वर्षी आम्ही तिला एसटीने माहेरी न्यायला निघालो होतो. स्टँडवर गाडीची पायरी तिला चढवेना, तेव्हा कंडक्टर आणि आणखी दोघांनी मिळून तिला उचलायला धरलं. लोक बघत होते. ती म्हणाली, “मी काय पोतं हाय व्हय?” आणि मागे वळली. त्यानंतर तिने माहेराचं नाव काढलं नाही. दारात खुर्ची टाकून बसायची. अशी दोन वर्षं गेल्यावर एक दिवस, दिवाळीनंतर, समोरच्या रस्त्याकडे बघत ती एवढंच म्हणाली, “औंदा शाळू बरा आला असंल.”

दाजी तेव्हा चालता चालता दाढी करत होते. त्यांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या आठवड्यात दारात व्हॅन उभी राहिली.

उभी राहिली म्हणणं चूक आहे, कारण ती धडधडत होती. एका सरकारी खात्याच्या लिलावातून घेतलेली ही गाडी चांगली जुनी होती. बाजूला रुंद दार, जमिनीपासून वीतभर उंच पायरी. आक्काला कुणी न उचलता आत जाता येईल, ही एकच गोष्ट बघून त्यांनी ती पसंत केली होती. मी म्हटलं, “दाजी, एका दिवसासाठी टॅक्सी केली असती तर?” तर म्हणाले, “टॅक्सीवाला घड्याळ बघतो, पाव्हणं. तिला वाटंत धा ठिकानी थांबावं वाटलं तर?” जन्मात कधी न थांबलेल्या माणसाच्या तोंडी हे ऐकून मला हसू आलं. आत त्यांनी स्वतःच्या हाताने एक लाकडी खुर्ची ठोकून बसवली होती, तिला गिरणीतल्या चामडी पट्ट्यांच्या दोन वाद्या, आणि उजव्या बाजूला धरायला मागाची जुनी दांडी. ती खुर्ची मात्र झकास होती. बाकीच्या गाडीबद्दल काय सांगावं? गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. झाकण उचललं की इंजिन हाताशी. दाजींना ही रचना पाहून परमेश्वर भेटल्याचा आनंद झाला. आता चालू गाडी दुरुस्त करायला खाली उतरायचीही गरज नव्हती. उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा झाकणाखाली, अशी त्यांची कायमची बैठक ठरली, आणि शेजारच्या सीटवर, मांडीवर पाने आणि पेचकस घेऊन, मी.

मी शाळामास्तर. मला गाडीतलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण रविवार आला की दाजींची हाक यायची आणि बायको माझ्याकडे अशा नजरेनं बघायची, की मी चप्पल घालायचो. त्या दोन महिन्यांत एकही रविवार मी स्वच्छ कपड्यांनी घरी आलो नाही. दाजी गाडीला माग समजत. स्प्रिंगांना त्यांनी गिरणीतली चरबी चोळली, त्यामुळे गाडी उन्हात राहिली की चाळीतली सगळी कुत्री चाकांपाशी येऊन भक्तिभावाने बसायची. ॲक्सिलरेटरची तार तुटली तेव्हा त्यांनी सुताचे पदर वळून, खळ लावून, विणकरी गाठ मारून दोरी केली, आणि आश्चर्य म्हणजे ती तारेपेक्षा चांगली चालली. फक्त पावसाळी हवेत ती आखडायची आणि गाडी आपणहून जोरात पळायची. पेट्रोल पंपावर तर आमची शोभाच होती. इंजिन बंद केल्याशिवाय पेट्रोल मिळायचं नाही, आणि दाजी बंद करायचे नाहीत. “बंद केली की परत चालू हुईल ह्याची ग्यारंटी कोन देनार?” हा त्यांचा सवाल. शेवटी मी डबा घेऊन रांगेत आणि दाजी गाडीसह रस्त्यावर प्रदक्षिणा घालत, अशी तोड निघाली. फेरी मारताना खिडकीतून ओरडायचे, “झालं का?” मी म्हणायचो, “नाही.” पुन्हा पुढच्या फेरीला, “झालं का?”

पहिला मुहूर्त संक्रांतीच्या आधीचा. शाळू हुरड्यात आल्याचं मंगळवेढ्याहून आक्काच्या भावाचं, म्हणजे माझ्या मेव्हण्याचं पत्र होतं. आक्का पहाटेपासून तयार. इरकल नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, एका हाताने तिने शेंगांची चटणीसुद्धा बांधून घेतली होती. ती आपल्या पायांनी गाडीत चढली, खुर्चीत बसली, दांडी धरली. मागे तिच्याजवळ माझी बायको. तिऱ्हे ओलांडून थोडं पुढे गेलो आणि रेडिएटरमधून वाफेचा असा लोट निघाला की पुढचा रस्ता दिसेना. मी म्हटलं, थांबवा, निवू द्या. दाजी म्हणाले, “चालत्या वाऱ्यानं निवतंय की.” चालत्या वाऱ्यानं ते आणखी उकळलं. रस्त्याकडेच्या एका खेड्यात पाणी मागायला गाडी वळवली, तर पारावरचे सगळे पुरुष एकदम उठले आणि रानाच्या दिशेने पळत सुटले. धोतरं सावरत म्हातारे पळाले, न्हाव्यापुढे बसलेला एकजण अर्ध्या दाढीनिशी पळाला. आम्हाला काही कळेना. मग खाली उतरून पाहिलं, तर दाजींनी दारावर मारलेल्या निळ्या रंगाखालून, वाफेनं आणि उन्हानं, जुना लाल त्रिकोण वर आला होता. ती गाडी पूर्वायुष्यात कुटुंबनियोजनाची होती, आणि ते दिवस नसबंदीच्या धास्तीचे होते, ती गाडी गावात शिरली की पुरुषमाणूस घरात थांबत नसे. बायांना मात्र भीती नव्हती. त्यांनी घागरी आणल्या, पाणी ओतलं, गाडीला ढकललंसुद्धा. एक म्हातारी दाजींना निरखून म्हणाली, “या वयात कशाला ह्या नोकरीत पडलासा?” आक्का त्या दिवशी पदराआड खूप हसली. पण इंजिनाने पुढे जायला साफ नकार दिला, आणि आम्ही बैलगाडीला बांधून सोलापुरात परत आलो. बैलांमागून ओढलं जात असतानाही दाजींचा डावा हात झाकणाखालीच होता.

मग मी जबरदस्तीने गाडी एका मिस्त्रीकडे नेली. म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, लिंबाखाली काम करणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, सुताची दोरी पाहिली, आणि स्प्रिंगांवरची चरबी बोटावर घेऊन हुंगली. मग म्हणाले, “किसने करे जी ये?” दाजी अभिमानाने म्हणाले, “मी.” चाचा म्हणाले, “दो दिन छोड़ के जाव. और तुमे यहाँ नक्को आव.” दोन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो तर ओळखू येईना. इंजिन चालू होतं की नाही, हे झाकणावर हात ठेवून बघावं लागत होतं.

दुसरा मुहूर्त पुढच्या रविवारचा. पुन्हा इरकल, पुन्हा चटणी. गाडी गावाबाहेर पडली, छान चालली होती. मी दोन महिन्यांत पहिल्यांदा सीटला पाठ टेकली. दाजींच्या कपाळावर मात्र घाम. एकदा कान डावीकडे, एकदा उजवीकडे. शेवटी म्हणाले, “पाव्हणं, कायतरी तुटलंय.” मी म्हटलं, काही तुटलेलं नाही, उत्तम चाललीय. “आवाज कुटं हाय?” ते म्हणाले. “सगळी उमर खटाक-खटाक ऐकलं. आवाज गेला म्हंजे माग गेला.” मी समजावलं, बायकोने समजावलं, पण तीस वर्षं मागांच्या दणदणाटात काढलेल्या त्या कानांना शांतता हा बिघाडच वाटत होता. तिऱ्ह्याच्या अलीकडेच त्यांनी गाडी वळवली. घरी येऊन झाकण उघडलं आणि चाचांनी जुळवलेलं सगळं, टायमिंग, पॉइंट, काय काय ते, एकेक करून ढिलं केलं. तासाभरात इंजिन खटाक-खट, खटाक-खट असं अगदी मागासारखं वाजू लागलं. “आता बोलली!” म्हणून दाजींनी वर पाहिलं, तेव्हा इंजिनातून काळा धूर येत होता आणि गाडी जागची हलत नव्हती.

आक्का अजून आत खुर्चीतच बसलेली होती. ती एवढंच म्हणाली, “उतरवा मला.”

मला राग आवरला नाही. माझा स्वभाव तसा उतावळाच, आणि त्या दिवशी मी थोरल्या साडूला बोलू नये ते बोललो. म्हटलं, “तुम्हाला आक्काला न्यायचंच नाही. तुम्हाला नुसती गाडी दुरुस्त करत बसायचंय.” दाजी हातातला प्लग पुसत राहिले. तो चांगला स्वच्छ झाला होता तरी पुसत राहिले. घरी जाताना बायको म्हणाली, “त्यांना डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत नाही.” डॉक्टरांनी सांगितलं होतं की आक्काला दुसरा झटका केव्हाही येईल, आणि तो सोसणार नाही. दाजींनी ते फक्त माझ्या बायकोजवळ बोलून दाखवलं होतं. मला माझ्याच बोलण्याची शरम वाटली. आक्काला जे झालं होतं ते कुठल्या पान्याने आवळता येत नव्हतं, हे त्या माणसाला आमच्या सगळ्यांआधी कळलं होतं. म्हणून तर त्याचे हात दुसरीकडे कुठेतरी धावत होते.

मी मुकाट्याने गाडी पुन्हा चाचांकडे नेली. चाचांनी या खेपेला मधला मार्ग काढला. इंजिन नीट केलं आणि सायलेन्सरपाशी एक पत्रा मुद्दाम सैल ठेवला, म्हणजे दाजींना खटखट ऐकू यावी. तेवढ्यात मेव्हण्याचं पत्र आलं. वरचं रान सगळं निब्बर झालं, ओढ्याकडचा एक तुकडा उशिरा पेरलेला आहे, तेवढाच हुरडा राहिलाय, आठवडाभरात येत असाल तर या, नाहीतर कापणीला लावतो. मी शनिवारची रजा काढली. बुधवारी आमच्या शाळेची तपासणी होती, पण आम्ही काय, संध्याकाळी परतच येणार होतो.

आणि गाडी गेली! पत्रा खटखटत, दाजी खुशीत, कामती मागे पडलं, भीमा ओलांडली, आणि दोन्ही अंगांना शाळू दिसायला लागला तशी आक्काने खिडकीची काच आपल्या चांगल्या हाताने खाली ओढली. ती दांडी सोडून बाहेर वाकून बघत होती. मेव्हण्याच्या रानाच्या बांधाला गाडी लागली. आक्का उतरली, पाय ओढत पंचवीस-तीस पावलं चालली आणि लिंबाखाली घोंगडीवर बसली. आगटी पेटलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली. बांधावर आमची गाडी अर्थातच चालू, खटाक-खट करत. आक्काने दाजींना जवळ बोलावलं. म्हणाली, “अवो, ते बंद करा की. पाखरं ऐकू येईनात.”

दाजी घुटमळले. बंद केली तर पुन्हा चालू होईल याची हमी कुणाकडेच नव्हती. मग बांधावर गेले आणि किल्ली फिरवली. धडधाकट गाडी दाजींनी आपल्या हाताने बंद केलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. रानात एकदम इतकं शांत झालं की निखारे तडतडलेले ऐकू आले, आणि मग पाखरं.

शाळूवर पाखरांची धाड पडली होती. माळ्यावरचा राखणदार गोफण फिरवत ओरडत होता. आक्का थोडा वेळ ऐकत राहिली, आणि एकाएकी तिनेही तोंड उघडून हाक दिली, “हाऽऽ हाऽऽऽ!” पाखरांचा थवाच्या थवा उठला. दोन वर्षं आक्काचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. पाखरांना हाकलायला शब्द लागत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे तिला लाजायचं कारण नव्हतं. ती पुन्हा ओरडली, पुन्हा थवा उठला, आणि ती अशी हसली की माझी बायको उठून आगटीपाशी गेली आणि धुरानं डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. दाजी तिच्या शेजारी बसले होते. बसले होते म्हणजे खरोखर मांडी घालून बसले होते. तिचा एक हात चालत नाही, म्हणून गरम कणसं तळहातावर चोळून, फुंकर मारून कोंडा उडवून, हिरवे दाणे तिच्या उजव्या हातात घालत होते. हात चालूच होते, पण माणूस एका जागी होता.

दुपार कलली तशी मी घड्याळ बघायला लागलो. दाजी उठून गाडीकडे गेले, झाकण उघडून काहीतरी खुडबुड केली, आणि आले ते मान हलवत. “बंद पडली, पाव्हणं. आता हितंच मुक्काम.” सेल्फ मारला, घरघर झाली, पण इंजिन पेटेना. मग हँडल. हँडल मी मारायचं आणि दाजींनी झाकणाखाली बघायचं, असं रविवारचा अख्खा दिवस चाललं. माझ्या तळहातांना फोड आले. गंमत अशी की इतकी बिघडलेली गाडी समोर असूनही दाजी कसे निवांत होते. एक स्क्रू काढायचे, त्याच्याकडे पाहायचे, परत बसवायचे. “लई खोल फॉल्ट हाय,” असं म्हणून लिंबाखाली जाऊन बसायचे. तिकडे आक्का दिवसभर पाखरं हाकलत होती, भावाला शेतीतल्या चुका दाखवत होती, रात्री भावजयीशेजारी झोपत होती. शब्द अजून वाकडेच पडत होते, पण तिथे ते सगळ्यांना समजत होते.

मला मात्र चैन पडेना. बुधवारची तपासणी, टाचणं अपुरी, हजेरीपट अपुरे. सोमवारी पहाटे मी कुणाला फारसं न सांगता एसटीने सोलापूर गाठलं, शाळा केली, आणि मंगळवारी आणखी एक रजा टाकून चाचांना घेऊन परत वस्तीवर हजर झालो. खरं म्हणजे मी तसाच सोलापुरात राहू शकत होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण अडकलेल्या माणसांना सोडवून आणायचं, आक्काला सुखरूप घरी पोचवायचं, असं काहीतरी मोठं माझ्या डोक्यात होतं. मला चाचांबरोबर येताना पाहून दाजींच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

चाचांनी झाकण उचललं. आत पाहिलं. मग दाजींकडे पाहिलं, मग लिंबाखाली आरोळ्या देणाऱ्या आक्काकडे. झाकण पुन्हा लावून म्हणाले, “बड़ा काम है साब. आज नै होता.” मी हट्टालाच पेटलो. म्हटलं, चाचा, काही करा, उद्या तपासणी आहे, आज निघायलाच हवं. चाचांनी एकदा दाजींकडे बघितलं. दाजींनी मान खाली घातली. चाचांनी अगोदर सावकाश हुरडा खाल्ला, हात धुतले, गाडीत जाऊन झाकण उचललं, आणि मग दाजी त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. दोन मिनिटांत इंजिन खटाक-खट करत सुरू झालं. आक्काने पाखरांना शेवटची आरोळी दिली आणि ती आपल्या पायांनी गाडीत चढली. परतीच्या वाटेवर ती झोपूनच गेली होती.

श्रावणात आक्का गेली. झटका आला, आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. भेटायला लोक येत होते त्यात चाचाही आले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “उस दिन कॉइल का वायर निकालको जेब में रखे थे उनो. मैं देखते ही समझा. बोल्या नै.” चालू वस्तू बंद करणं ज्याला पाप वाटायचं, त्या माणसाने आपल्या हाताने तार उपसून खिशात टाकली होती, आणि चार दिवस तो बंद इंजिनासमोर स्क्रू फिरवल्याचं नाटक करत होता. त्या चार दिवसांत मी तेवढा एकटाच खरोखर हँडल मारत होतो.

पुढे बऱ्याच महिन्यांनी, दाजी आमच्याकडे आले होते तेव्हा मी त्यांना विचारलं. ते खुर्चीवर बसून होते. हल्ली ते बसत असत, आणि आमच्या दाराची कडी वाजायला लागली होती तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, “दाजी, तार तुमच्या खिशात होती ना?”

“व्हय की,” ते म्हणाले. जरा हसलेही. “चार दिस मिळालं. आनि दोन मिळालं असतं, वढ्याच्या अंगाला अजून चार कनसं हिरवी हुती. पन तुमची तपासनी हुती की.”

त्यांच्या बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता, तो त्यांचा स्वभावच नाही. मी आत जाऊन चहा सांगितला. त्या बुधवारी तपासणीला साहेब आलेच नव्हते, हे मी दाजींना कधीच सांगितलेलं नाही.